रुग्णशुश्रूषेंतील अचूक मोजमाप

रुग्णालयांत प्रत्येक खाटेपाशीं एक तक्ता असतो. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांचे आंकडे त्यावर दिवसांतून ठराविक वेळीं मांडले जातात. भेटीस आलेल्या नातलगांचें त्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. गेलें तरी त्या वर-खालीं जाणाऱ्या रेषांचा त्यांना फारसा बोध होत नाहीं. परंतु डॉक्टर फेरीला आले म्हणजे त्यांची दृष्टि प्रथम त्या तक्त्याकडे वळते. डॉक्टर दिवसांतून एकदोन वेळां येतात आणि एकेका रुग्णापाशीं कांहीं मिनिटेंच थांबतात. उरलेल्या साऱ्या वेळांत त्या देहामध्यें काय घडलें, याची साक्ष हा तक्ता देत असतो. आणि ती साक्ष लिहून ठेवणारी व्यक्ति म्हणजे परिचारिका.

साक्षीदारानें खोटें बोलूं नये, हें सर्वांस मान्य आहे. परंतु जें पाहिलें नाहीं तें पाहिलें असें सांगूं नये, हा नियम पाळणें त्याहून अवघड असतें. न मोजतां लिहिलेला आंकडा लिहिणाऱ्याला खोटा वाटत नाहीं. तो 'साधारण तितकाच असणार' असें वाटतें. रुग्णशुश्रूषेंतील अचूकतेचा प्रश्न बहुतांशीं या 'साधारण' शब्दाशीं येऊन ठेपतो.

मोजण्याची ही कला एका दिवसांत सिद्ध झालेली नाहीं. नाडी पाहणें ही गोष्ट भारतांत फार जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीपरीक्षेचें वर्णन आहे. वाताची नाडी सर्पाच्या किंवा जळूच्या, पित्ताची बेडकाच्या किंवा कावळ्याच्या आणि कफाची हंसाच्या गतीनें चालते, असें वैद्य सांगत आले. त्यांचें लक्ष नाडी कशी चालते याकडे होतें. ती एका मिनिटांत किती वेळां उडते हें सांगण्यास मिनिट दाखविणारें घड्याळ हवें. इंग्लंडांतील लिचफील्ड येथील वैद्य जॉन फ्लॉयर यांनीं असें घड्याळ करवून घेतलें आणि १७०७ सालीं त्याविषयीं पुस्तक प्रसिद्ध केलें. हें घड्याळ बरोबर एक मिनिट चालून थांबत असे. नाडीला आंकडा मिळाला तो असा.

तापाची गोष्टही अशीच बोधप्रद आहे. जर्मनींतील लाइपझिग येथें कार्ल वुंडर्लिख यांनीं सुमारें २५,००० रुग्णांची उष्णता काखेंत मोजून १८६८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ३७ अंश सेल्सियस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट, हा आंकडा घराघरांत पोंचला तो त्यांच्यामुळें. त्यांचा तापमापक सुमारें एक फूट लांब होता आणि तो स्थिर होण्यास पंधरा-वीस मिनिटें लागत. इंग्लंडांत टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनीं १८६६ च्या सुमारास सहा इंचांचा, पांच मिनिटांत ताप दाखविणारा तापमापक तयार केला, आणि प्रत्येक रुग्णाचा ताप रोज मोजणें व्यवहारांत शक्य झालें. पुढें १९९२ सालीं अमेरिकेंत १४८ निरोगी प्रौढांच्या तोंडांतील उष्णता नव्यानें मोजली गेली, तेव्हां तिची सरासरी ३६.८ अंश, म्हणजे ९८.२ अंश फॅरनहाइट, भरली. तात्पर्य, ९८.६ ही कांहीं देहाच्या कपाळीं लिहिलेली रेघ नव्हे. निरोगी माणसाची उष्णताही पहाटे कमी आणि सायंकाळीं जास्त असते. म्हणून तापाच्या आंकड्यापुढें वेळ आणि जागा, म्हणजे काख कीं तोंड, लिहिली नसेल तर तो आंकडा अर्धवटच समजावा.

रक्तदाबाचें यंत्र या सर्वांहून धाकटें. इटलींतील तुरिन येथें शिपियोने रिव्हा-रोची यांनीं दंडाला गुंडाळून हवेनें फुगविण्याचा पट्टा १८९६ सालीं वापरला. हा पट्टा केवळ पांच सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्ट्यानें दाब वाजवीपेक्षां अधिक दिसतो, हें फॉन रेक्लिंगहाउझेन यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें आणि रुंद पट्टा प्रचारांत आला. १९०५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनीं पट्ट्याखालच्या धमनीवर नळी ठेवून आवाज ऐकण्याची रीत सांगितली. पट्टा सैल होतांना पहिला ठोका ऐकूं येतो तो वरचा दाब, आणि आवाज नाहींसे होतात तो खालचा. एका शतकाहून अधिक काळ लोटला तरी कानानें दाब ऐकणारी परिचारिका याच रीतीनें चालते.

आतां या रीतींतील खांचाखोंचा पाहिल्या म्हणजे अचूकता कशाला म्हणतात तें ध्यानांत येईल. रक्तदाब घेण्यापूर्वीं रुग्ण पांच मिनिटें शांत बसलेला असावा. पाठीला टेकू असावा, पावलें जमिनीवर असावीं, एका पायावर दुसरा पाय नसावा, लघवीची घाई नसावी. मोजणी चालू असतां रुग्णानें बोलूं नये, आणि परिचारिकेनेंही 'जेवलांत का?' असा प्रेमळ प्रश्न त्याच क्षणीं विचारूं नये; कारण नुसत्या बोलण्यानेंही दाब चढतो. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, आणि त्यांतील हवेची पिशवी दंडाच्या घेराचा सुमारें ८० टक्के भाग वेढील इतकी लांब असावी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला कीं रिव्हा-रोचींच्या काळची तीच चूक पुन्हा घडते.

हात कोठें ठेवला आहे, ही बाब तर अनेकांना क्षुल्लक वाटते. परंतु दंड हृदयाच्या पातळीपेक्षां दहा सेंटिमीटर खालीं असेल तर तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या भारामुळेंच दाब सुमारें आठ मिलिमीटर अधिक दिसतो. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, मेजावर टेकलेल्या हाताच्या तुलनेनें मांडीवर ठेवलेल्या हाताचा वरचा दाब सरासरी सुमारें ४ मिलिमीटरनें आणि बाजूला लोंबणाऱ्या हाताचा सुमारें ६.५ मिलिमीटरनें अधिक भरला. एवढ्या फरकानें एखाद्या मनुष्याला जन्मभराची गोळी सुरू होऊं शकते.

नळीनें दाब ऐकतांना परिचारिका प्रथम मनगटाची नाडी चांचपते. पट्टा फुगवितां फुगवितां नाडी लागेनाशी झाली म्हणजे त्याच्याहून ३० मिलिमीटर वर जाऊन मग सेकंदाला सुमारें दोन मिलिमीटर अशा संथ गतीनें हवा सोडते. ही संथ गति म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे. हवा भसकन् सोडली तर पहिला ठोका ऐकूं येईपर्यंत दाब कितीतरी खालीं उतरलेला असतो. मापावरील खुणा दोन-दोन मिलिमीटरांच्या असतात. तेव्हां पुष्कळ रुग्णांचे दाब एकत्र पाहिले तर शून्य, दोन, चार, सहा आणि आठ या अंकांनीं संपणारे आंकडे सारख्याच प्रमाणांत यावयास हवेत. प्रत्यक्षांत १२०, १३०, ८० असे शून्यानें संपणारे आंकडे प्रमाणाबाहेर आढळतात. निसर्गाला शून्याची विशेष आवड नाहीं. ती लिहिणाऱ्या हाताला असते.

नाडी मोजतांना अंगठा वापरूं नये, कारण अंगठ्याचीच नाडी बोटाखालीं लागून घोटाळा होतो; मधलीं बोटें वापरावीं. पंधरा सेकंद मोजून चारानें गुणण्याची प्रथा सर्वत्र आहे. नाडी नियमित असेल तर ती एक वेळ चालेल; परंतु मोजतांना एका ठोक्याची चूक झाली तर गुणाकारानें ती चार ठोक्यांची होते. नाडी अनियमित असेल तर पूर्ण मिनिट मोजण्यावांचून गत्यंतर नाहीं. हृदयाच्या एका विकारांत कांहीं ठोके इतके दुबळे असतात कीं ते मनगटापर्यंत पोंचतच नाहींत. तेव्हां एक परिचारिका छातीवर नळी ठेवून आणि दुसरी मनगट धरून, एकाच घड्याळावर, एकाच मिनिटांत मोजतात आणि दोहोंतला फरक लिहितात. दोन माणसांचें एक मिनिट खर्ची पडतें. पण एकटीला कधींच न कळणारी गोष्ट त्यांतून कळते.

तथापि या चार लक्षणांपैकीं सर्वांत उपेक्षित असेल तर तो श्वास होय. त्याला ना पारा लागतो, ना पट्टा, ना नळी. लागतात ते दोन डोळे, सेकंदकाटा असलेलें घड्याळ आणि एक पूर्ण मिनिट. नेमकें हें मिनिटच काढलें जात नाहीं. एका दालनांतील रुग्णांचे तक्ते ओळीनें पाहावे, तर कोणाचा ताप चढलेला, कोणाची नाडी धांवणारी, परंतु श्वास मात्र सर्वांचा १८ किंवा २०, असें दृश्य पुष्कळदां दिसतें. सारें दालन एका लयींत श्वास घेत आहे, असा त्याचा अर्थ होईल!

श्वासाची आणखी एक अडचण आहे. नाडी मोजली जात आहे हें रुग्णाला कळल्यानें मोजणीस बाध येत नाहीं. श्वास मोजला जात आहे हें कळतांच मात्र तो सावध होतो आणि श्वासाची चाल बदलते. म्हणून जाणती परिचारिका नाडी मोजून झाली तरी मनगट सोडीत नाहीं. रुग्णाला वाटतें नाडीच चालली आहे. तिची दृष्टि मात्र त्याच्या छातीच्या उठण्या-बसण्याकडे असते. ही एवढी चातुरी शुश्रूषेंत क्षम्यच नव्हे, तर आवश्यक आहे.

या मिनिटाची किंमत किती, हें एका कल्पित उदाहरणानें पाहावें. पोटाची शस्त्रक्रिया झालेला एक रुग्ण आहे. सकाळीं दहा वाजतां त्याचा श्वास मिनिटाला १८ आहे, दुपारीं दोनला २२ आणि सायंकाळीं सहाला २६. त्याचा रक्तदाब मात्र अद्याप जवळजवळ पहिल्याइतकाच आहे. कारण देह संकटांत सांपडला म्हणजे श्वास आणि नाडी वाढवून तो रक्तदाब शक्य तोंवर सांवरून धरतो. दाब कोसळतो तो शेवटीं. आतां या तिन्ही वेळीं तक्त्यावर '१८' असेंच लिहिलें गेलें, तर रात्रीं दाब उतरेपर्यंत कोणालाही कसलीच चाहूल लागणार नाहीं. श्वासानें आठ तासांपूर्वीं दिलेली सूचना लेखणीनें पुसून टाकलेली असेल.

याच जाणिवेंतून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें २०१२ सालीं पूर्वसूचनेची एक गुणपद्धति सर्व रुग्णालयांसाठीं पुढें मांडली आणि २०१७ सालीं ती सुधारली. तींत प्रौढाचा श्वास १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ असेल तर दोन, आणि २५ किंवा अधिक असेल तर तीन गुण मिळतात. नाडी, दाब, ताप, प्राणवायूचें प्रमाण आणि शुद्धि यांचेही गुण धरून बेरीज पांचावर गेली कीं डॉक्टरला तांतडीनें बोलवावें आणि सातावर गेली कीं आणीबाणी समजावी. कोणत्याही एकाच लक्षणाला तीन गुण मिळाले तरी विलंब न करतां रुग्णाची पाहणी व्हावी, असा तिचा नियम आहे. उघडच आहे कीं २६ च्या जागीं १८ लिहिलें तर तिन्ही गुण नाहींसे होतात. पद्धति कितीही शहाणी असो, तिच्या पोटांत काल्पनिक आंकडा घातला तर तिचें उत्तरही काल्पनिकच येणार.

येथें सारा दोष परिचारिकेच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. एकीच्या वाट्याला चाळीस खाटा आल्या आणि प्रत्येकीपाशीं चारच मिनिटें लागलीं, तरी एका फेरीला १६० मिनिटें, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटें होतात. त्यांतच औषधें, इंजेक्शनें, सलाईन, मलमपट्ट्या, नातलगांचे प्रश्न आणि नव्या रुग्णाची भरती. तक्त्यांतील रकाना रिकामा राहिला तर ठपका येतो. भरलेला रकाना खरा आहे कीं नाहीं हें मात्र कोणी विचारीत नाहीं. जेथें रिकाम्या जागेला शिक्षा आणि भरलेल्या जागेला अभय असतें, तेथें जागा भरल्या जाणारच. वस्तुतः रिकामा रकाना निदान 'येथें पाहिलें गेलें नाहीं' असें प्रामाणिकपणें सांगतो आणि पुढील माणसाला मोजण्यास प्रवृत्त करतो. कल्पित आंकडा त्याला निश्चिंत करतो. म्हणून 'मोजलें नाहीं' हे दोन शब्द लिहिण्याची मुभा ज्या रुग्णालयांत परिचारिकेला आहे, तेथील तक्त्यावर अधिक विश्वास ठेवावा.

अचूक मोजण्यास फार मोठी विद्या लागते असा जर कोणाचा समज असेल, तर त्यानें महाराष्ट्रांतीलच एका उदाहरणाकडे पाहावें. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलें. मूल शांत असतांना त्याचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजणें, हा या रोगाच्या ओळखीचा पाया आहे. दोन महिन्यांच्या आंतील बालकाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आंतील मुलाचा ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर तो जलद समजावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत, ज्या ५८ गांवांत लोकांना या रोगाची माहिती दिली आणि गांवांतल्याच आरोग्यसेवकांनीं व दायांनीं रोग ओळखून औषध दिलें, तेथें पांच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियानें होणारे मृत्यु दर हजारीं ८.१ होते, शेजारच्या इतर गांवांत ते १७.५ होते.

परंतु गांवच्या दायांना मोठे आंकडे मोजतां येत नसत. मग पन्नास-साठ श्वास कसे मोजावे? त्यासाठीं बंग दांपत्यानें श्वास मोजण्याचें एक साधें साधन बनविलें आणि त्याविषयीं १९९२ सालीं लिहिलें. एका मिनिटांत रिकामी होणारी वाळूची घडी आणि तारेंत ओवलेले मणी, एवढाच त्याचा थाट. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं शेवटचा तांबडा मणी सरकवावा लागला, तर श्वास जलद. अक्षरओळख नसलेली स्त्री आपल्या बोटांनीं मणी सरकवीत बाळाच्या पोटाकडे पूर्ण मिनिटभर पाहत राहते, आणि पदवीधर हात न पाहतां '२०' लिहून मोकळा होतो, तेव्हां मोजण्याची विद्या कोणाकडे आहे म्हणावें?

आतां यंत्रांविषयीं. पाऱ्याच्या विषारीपणामुळें २०१३ च्या मिनामाता कराराने पाऱ्याचे तापमापक आणि रक्तदाबमापक यांच्या उत्पादनास २०२० ही मुदत घातली. भारतानेंही २०१८ सालीं या करारास मान्यता दिली. त्यामुळें बॅटरीवर चालणारीं यंत्रें रुग्णालयांत आणि घरांतही आलीं. कोविडच्या साथींत तर बोटाला चिमट्यासारखें लावण्याचें ऑक्सिमीटर असंख्य घरांत पोंचलें. जपानांतील ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या कल्पनेंतून तें जन्मलें. यंत्रें उपयोगी खरीं, परंतु तीं डोळे मिटून वापरण्याचीं नव्हेत. गार पडलेलें बोट, नखांवरचा गडद रंग किंवा थरथर यांनीं ऑक्सिमीटर फसतें. २०२० सालीं अमेरिकेंतील एका अभ्यासांत, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवीत असतां प्रत्यक्ष रक्तांत प्राणवायु धोक्याइतका कमी असल्याचें कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के तपासण्यांत, तर गौरवर्णीयांच्या ३.६ टक्के तपासण्यांत आढळलें. सांवळ्या त्वचेच्या देशांत ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. यंत्राचा आंकडा आणि समोरचा रुग्ण यांचें जमत नसेल, तर आंकडा पुन्हा घ्यावा. आणि रुग्ण धापा टाकीत असेल, तर आंकडा चांगला आहे म्हणून स्वस्थ बसूं नये.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालीं लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत रुग्णाच्या निरीक्षणासाठीं एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. त्याच बाई १८५८ सालीं लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या पहिल्या स्त्री-सभासद झाल्या होत्या, हा योगायोग नव्हे. रुग्णाविषयींची कळकळ आणि आंकड्याविषयींची निष्ठा या त्यांच्या ठायीं दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

घरीं आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांनींही हेच पथ्य पाळावें. गरम चहा घेतला असेल तर तोंडांतील ताप अर्ध्या तासानें पाहावा. काख घामानें ओली असेल तर आधीं पुसून घ्यावी. रक्तदाब नेहमीं एकाच हाताचा, एकाच बैठकींत घ्यावा. वहींत आंकड्याबरोबर वेळ लिहावी आणि आंकडा जसा आला तसाच लिहावा. १३७ चे १४० करूं नयेत, आणि डॉक्टरांना बरें वाटावें म्हणून १३० तर मुळींच करूं नयेत. लहान मुलाला ताप-खोकला असेल तर तें शांत असतां किंवा झोपलें असतां अंगावरचें झबलें वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावा आणि तो जलद भरला तर डॉक्टरकडे नेण्यास विलंब करूं नये.

रुग्णालयांत नातलगांना आणखीही एक मदत करतां येण्यासारखी आहे. परिचारिका रुग्णाचें मनगट धरून घड्याळाकडे किंवा त्याच्या छातीकडे पाहत उभी असेल, तेव्हां घरीं केव्हां सोडणार, औषध केव्हां द्यावयाचें, असे प्रश्न तिला विचारूं नयेत. तेवढें एक मिनिट तिला मोजूं द्यावें. प्रश्न त्यानंतर विचारावे.